क्वेस्ट २ लॅपटॉपला जोडलं, चित्र धूसर, मान वळवली की अडकतं: आधी काय खाली आणायचं

वरुडकडच्या एका पोट्ट्यानं विचारलंय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत घरी आलाय. प्रश्न थोडक्यात असा: "भाऊ, क्वेस्ट २ म्हणजे ते मेटाचं डोळ्यावर चढवायचं व्हीआर हेडसेट सेकंडहँड घेतलं, लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे, केबलनं जोडलं. गेममध्ये सगळं अल्ट्रावर, हेडसेट १२० हर्ट्झवर, रिझोल्यूशन पण फुल करून ठेवलं. तरी चित्र धूसर दिसून राहिलं, कार रेसिंगमध्ये मान वळवली की अडकतं आणि दहा मिनिटात मळमळतं. कार्ड कमी पडते का? नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल का?"

नको घेऊ भाऊ, काहीच नवीन घेऊ नको. हेच कार्ड, हेच हेडसेट धकतं, चांगलं धकतं. मी मेहकरकडचा, सहा-सात वर्षं झाली हेडसेट आणि पीसी गाडीत टाकून खेड्यापाड्यातल्या शाळांत पोरांना दाखवत फिरतो आणि तुझ्याहून कमी कार्डावर शेकडो पोरं बसवलीत. तुझी गडबड एवढीच की सगळं एकदम वर नेऊन ठेवलं. मॉनिटरवर गेम थोडा अडकला तर आपण चिडतो आणि खेळत राहतो, पण व्हीआरमध्ये अडकला की डोळ्याला एक दिसतं आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र दुसरंच सांगतं, मग पोट ढवळतं. म्हणून इथे सुंदर चित्र नंतर, आधी न अडकणारं चित्र. या क्रमात मी कोणाचंच ऐकत नाही.

आता हे कसं चालतं ते समजून घे म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. तुझ्याकडे संत्र्याची बाग असेलच किंवा शेजाऱ्याची तरी असेल, ड्रिप पाहिलं आहेस. विहिरीवर मोटर, तिथून मेन लाइन, आणि झाडापाशी ड्रिपर. ग्राफिक कार्ड म्हणजे मोटर, ते चित्र तयार करतं. पण क्वेस्ट २ ला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची वायर लागतच नाही, त्यात तसा पोर्टच नाही, म्हणून कार्ड प्रत्येक चित्राचा दाबून व्हिडिओ करतं आणि यूएसबी केबलनं किंवा वायफायनं पाठवतं, ती झाली मेन लाइन. हेडसेटमधली चिप तो व्हिडिओ परत उलगडते, तो झाला ड्रिपर. झाडाला पाणी कमी येत असलं तर आपण सरळ मोठी मोटर आणत नाही ना, आधी फिल्टर पाहतो, पाइप दबला का पाहतो, ड्रिपर चोक झाला का पाहतो. इथे पण तसंच.

पण त्याच्याही आधी एक पाच मिनिटांचं काम कर. केबल काढ, लॅपटॉप बाजूला ठेव, हेडसेट एकटंच डोक्यावर चढव आणि त्याच्या स्वतःच्या मेनूतली अक्षरं वाच. तिथेच अक्षरं धूसर असतील तर ग्राफिक सेटिंगचा काही संबंध नाही, ते बसवण्याचं काम आहे. क्वेस्ट २ मध्ये भिंगांमधलं अंतर तीनच जागी बसतं, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर, भिंग हातानं धरून सरकवायचं. तिन्ही करून पाहा. मग हेडसेट गालावर थोडं वर-खाली कर, कारण या फ्रेनेल (गोल-गोल खाचांच्या) भिंगात स्वच्छ दिसणारी जागा मधोमध लहानशीच आहे, डोळा तिथून थोडा खाली आला की सगळं पुसट. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागाच्या खाली घे, वजन तिथे पडलं पाहिजे, नाकावर नाही. सेकंडहँड आहे म्हणतोस तर भिंगावर चरे आहेत का तेही उजेडात पाहून घे. आणि हात जोडून सांगतो, भिंग उन्हाकडे करून कधीच ठेवू नको, ओसरीत नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नाहीच. भिंगातून ऊन आत एका ठिकाणी गोळा होतं आणि स्क्रीनवर कायमचा डाग पाडतं. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुला सांगायला नको.

मेनू स्वच्छ दिसला आणि गेम धूसर, तर मग सेटिंगचं काम. पहिले हर्ट्झ, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नवीन चित्र दाखवतो ते. १२० वर ठेवलं म्हणजे कार्डाला एक चित्र बनवायला ८.३ मिलिसेकंद मिळतात. ९० ला ११.१, ८० ला १२.५ आणि ७२ ला १३.९. म्हणजे ७२ वर आलास की त्याच कार्डाला एका चित्रामागे दीडपटीहून जास्त वेळ मिळाला, फुकटात. लोकांना वाटतं १२० म्हणजे भारी, पण १२० ठरवून ७० मिळत असतील तर ते ७२ ठरवून ७२ मिळण्यापेक्षा लय वाईट दिसतं. मेटाच्या पीसी ॲपमध्ये डिव्हाइसच्या ग्राफिक सेटिंगमध्ये जा आणि ७२ कर. तिथे सगळं स्थिर झालं की मग ८० करून पाहा. काही लोकांना ७२ वर पांढऱ्या आकाशात बारीक लुकलुक जाणवते, त्यांना ८० बरं पडतं. ९० चं तुझ्या लॅपटॉपवर हलक्या गेमलाच जमेल.

आता रिझोल्यूशन, इथे जरा थांबतो कारण दहापैकी सात जण इथेच फसतात. क्वेस्ट २ चा स्क्रीन एका डोळ्याला १८३२ बाय १९२०, दोन्ही मिळून ७० लाखांच्या वर पिक्सेल. तुझ्या लॅपटॉपचा फुल एचडी स्क्रीन २० लाखांच्या आसपास. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. भिंग चित्राला ताणतं, म्हणून कार्डाला ते आधीच उलट बाजूनं वाकवून द्यावं लागतं, आणि वाकवताना मधला भाग ताणला जातो. तो मधला भाग धूसर होऊ नये म्हणून आडवं-उभं दोन्हीकडे साधारण १.४ पट मोठं चित्र बनवावं लागतं. १.४ गुणिले १.४ म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणजे पूर्ण स्वच्छ चित्राला १ कोटी ४० लाखांच्या आसपास पिक्सेल, फुल एचडीच्या सातपट, आणि तेही सेकंदाला ७२ वेळा. तू लॅपटॉपच्या स्क्रीनवर अल्ट्रात खेळत होतास तोच हिशोब इथे लावलास, म्हणून मोटर दमली.

आणि दुसरा फास असा की रिझोल्यूशन वाढवायच्या जागा तीन-तीन आहेत. मेटाच्या ॲपमध्ये एक, स्टीम व्हीआरमध्ये (स्टीमवरचे व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) एक, आणि गेमच्या आत एक. तिन्ही एकमेकांना गुणतात. त्यातही मेटाच्या ॲपमधला १.३ म्हणजे आडवं १.३ आणि उभं पण १.३, पिक्सेल झाले १.६९ पट. स्टीम व्हीआरमधला टक्का मात्र एकूण पिक्सेलचा असतो, तिथे १५० टक्के म्हणजे खरोखर दीडपट. दोन्ही ठेवलेस तर अडीचपट झाले आणि तुला वाटतं मी थोडंच वाढवलं. मी काय करतो, स्टीम व्हीआरमध्ये ऑटोमॅटिक काढून कस्टमवर १०० टक्के, त्यातच प्रत्येक गेमचं वेगळं सेटिंग असतं तेही १०० आहे का पाहून घेतो, गेमच्या आत रिझोल्यूशन स्केल १००, आणि जे काही कमी-जास्त करायचं ते फक्त मेटाच्या ॲपमध्ये. एकाच नळाची तोटी हातात ठेवायची. अजून एक, मेटाच्या ॲपमधलं १.० हे काही स्क्रीनचं खरं रिझोल्यूशन नाही, ॲप तुझं कार्ड आणि हर्ट्झ पाहून ते स्वतः ठरवतं. म्हणून हर्ट्झ बदलले की खालचे आकडे किती झाले ते परत पाहायचे, स्लायडर तिथेच दिसला तरी आकडा बदललेला असतो. तुझ्या लॅपटॉपला ७२ हर्ट्झ आणि १.० पासून सुरू कर, ०.१ नं वाढव, प्रत्येक वेळी तोच ट्रॅक, त्याच वळणावर पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदल, दोन बदलल्या की कोणत्या औषधानं रोग गेला ते कळत नाही.

मोटर झाली, आता पाइप. केबलची चाचणी मेटाच्या ॲपमध्येच आहे, डिव्हाइसवर क्लिक केलं की यूएसबी टेस्ट दिसते. यूएसबी ३ नीट लागलं असेल तर आकडा गिगाबिटमध्ये येतो, दोनच्या वर. तीनशे-चारशे मेगाबिट दाखवलं तर समज तू यूएसबी २ वर आहेस, एकतर केबल चार्जिंगची आहे किंवा लॅपटॉपचा पोर्ट जुना आहे. मी सुरुवातीला पाच मीटरची एक स्वस्त केबल आणली होती, पहिला आठवडा मस्त चालली, मग हेडसेट मधूनच डिस्कनेक्ट व्हायला लागलं, मी दोन दिवस ड्रायव्हर काढत-टाकत बसलो आणि निघाली ती केबल. आता एक जास्तीची केबल पिशवीत असतेच.

पाइपची जाडी म्हणजे बिटरेट, सेकंदाला किती मेगाबिट व्हिडिओ पाठवायचा ते. तुझा लॅपटॉप चित्र स्वच्छ बनवतो पण दाबून पाठवताना ते कुसकरलं जातं, मग झाडांची पानं, गवत, अंधारातली भिंत इथे चौकटी-चौकटी दिसतात. बिटरेट कमी असल्याची खूणच ती: स्थिर उभा राहिलास तर बरं दिसतं आणि मान फिरवली की गवताचा चिखल होतो. रिझोल्यूशन कमी असल्याची खूण वेगळी, तिथे सगळंच सारखं मऊ दिसतं, स्थिर असो की हलतं. हा फरक ओळखायला शिकलास की अर्धं काम झालं. बिटरेट वाढवायला ऑक्युलस डीबग टूल आहे, वेगळं डाउनलोड करायची गरज नाही, प्रोग्रॅम फाइल्समध्ये ऑक्युलस, त्यात सपोर्ट, त्यात डायग्नोस्टिक्सच्या फोल्डरमध्ये पडलेलं असतं. त्यात एन्कोड डायनॅमिक बिटरेट डिसेबल कर आणि एन्कोड बिटरेटमध्ये २०० लिही. नंतर २५०, ३००. जितका जास्त बिटरेट तितकं हेडसेटमधल्या चिपला उलगडायला जास्त काम, म्हणजे ड्रिपरवर ताण, मग हात हलवला आणि दिसलं यातला वेळ वाढतो, आवाज पण कधी तडतडतो. म्हणून क्वेस्ट २ ला मी ३०० च्या वर जात नाही. त्याच टूलमध्ये लिंक शार्पनिंग आहे, ते चालू ठेव.

वायफायनं खेळायचं असेल तर एक गैरसमज आधी काढतो. "गावात नेट नाही, एअर लिंक कसं चालणार" असं लय जण विचारतात. एअर लिंक म्हणजे मेटाचंच, केबलऐवजी वायफायनं जोडायचं साधन. गेमचं चित्र इंटरनेटवरून येतच नाही, ते लॅपटॉपवरून राउटरवर आणि राउटरवरून हेडसेटवर, घरातल्या घरात. नेट लागतं ते लॉगिनला आणि अपडेटला. राउटर मात्र ५ गिगाहर्ट्झचा पाहिजे, खेळायच्या खोलीतच पाहिजे, आणि लॅपटॉप त्याला लॅन वायरनं जोडलेला पाहिजे. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं, दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, ५ गिगाहर्ट्झ त्यातून पलीकडे जातच नाही म्हटलं तरी चालेल. आणि स्वस्त ड्युअल बँड राउटर घेताना मागचे लॅन पोर्ट गिगाबिट आहेत का ते डब्यावर वाचूनच घे. पुष्कळ राउटरवर वायफाय मोठं लिहिलेलं असतं आणि लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. तू १५० मेगाबिटचं चित्र पाठवायला जाशील आणि ते त्या पोर्टमध्येच अडकेल. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत लिंक स्पीड १००/१०० दिसला की समजायचं.

व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे वायफायनं जोडायचंच दुसरं ॲप, विकत घ्यावं का? वायफायवर खेळणार असशील तर हो, मला ते सगळ्यात भरवशाचं वाटतं. त्यात क्वालिटीचे तयार टप्पे आहेत, तुझ्या लॅपटॉपला मीडियमपासून सुरू कर. कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत, एचईव्हीसी १०-बिट निवड, अंधारातले पट्टे कमी दिसतात. एव्ही१ च्या मागे लागू नको, ३०६० ला एव्ही१ मध्ये व्हिडिओ बनवताच येत नाही, ते ४० सिरीजपासून आलं, आणि क्वेस्ट २ ला उलगडता पण येत नाही. पैसे घालायचे नसतील तर स्टीम लिंक फुकट आहे, तेही चांगलं झालंय. केबल असो की वायफाय, दाबणं-पाठवणं-उलगडणं याला वेळ लागतोच, चांगल्या सेटअपवर एकूण ५० मिलिसेकंदांच्या आसपास. ते तेवढंच राहिलं तर मेंदू सवय करून घेतो, सारखं वर-खाली झालं की त्रास.

आता गेमच्या आतलं. पहिले मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन, लेन्स फ्लेअर सरळ बंद. हे कॅमेऱ्याचे खेळ आहेत, इथे तुझा डोळाच कॅमेरा आहे. गेममधलं व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या तालात ठेवणारं) पण बंद, ते काम हेडसेटचं सॉफ्टवेअर करतं. मग सावल्या. अल्ट्रावरून मीडियमवर आण, गाडी चालवताना तुला फरक कळणार नाही आणि कार्डाला मोठा श्वास मिळेल. त्यानंतर आरशातलं आणि गाडीच्या अंगावरचं प्रतिबिंब, ढग-धुकं, अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्या-कपारीतली हलकी सावली). स्क्रीन-स्पेस नावाचे जे इफेक्ट असतात ते व्हीआरमध्ये दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे दिसू शकतात आणि डोळ्यांना ओढ बसते, म्हणून ते मी कार्डाचं काम वाचवायला नाही तर डोळ्यांसाठीच बंद करतो. कडा थरथरत असतील, कुंपणाच्या तारा लुकलुकत असतील तर अँटी-अलायझिंग, म्हणजे कडा गुळगुळीत करणारं सेटिंग. गेममध्ये त्यातला एमएसएए प्रकार असेल तर ४एक्स, नाही झेपलं तर २एक्स. टीएए असेल तर कडा शांत होतात पण चित्र थोडं मऊ होतं आणि हलत्या वस्तूमागे शेपटी दिसते. डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र बनवून मोठं करणारं) तुझ्या कार्डावर चालतं, पण फ्लाइट सिम्युलेटर खेळशील तर त्याच्या क्वालिटी टप्प्याच्या खाली नको जाऊ, कॉकपिटमधले काटे आणि आकडे वाचता येत नाहीत. टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्रांचा, हिशोब वेगळा आहे, ते कार्डाच्या ताकदीपेक्षा मेमरी खातं. लॅपटॉपच्या ३०६० ला ६ जीबी असते, डेस्कटॉपच्या ३०६० ला बहुतेक १२, नाव एकच असलं तरी. ६ भरली की गेम छान चालता-चालता अचानक अर्धा सेकंद थिजतो. म्हणून टेक्स्चर एक पायरी खाली आणि मागे उघडलेला ब्राउझर बंद.

हे सगळं कमी करूनही फरक नाही पडला तर दोष कार्डाचा नाही, प्रोसेसरचा आहे. स्टीम व्हीआरच्या सेटिंगमध्ये फ्रेम टायमिंगचा, म्हणजे एका चित्राला किती मिलिसेकंद लागले त्याचा, आलेख आहे, तो चालू कर, त्यात सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू (ग्राफिक कार्ड) वेगवेगळे दिसतात. रेसिंगमध्ये समोर २० गाड्या ठेवल्या की प्रोसेसर दमतो, तिथे रिझोल्यूशन निम्मं केलं तरी काडीचा फरक पडत नाही. गाड्या १० कर, दिसणारे आरसे कमी कर, प्रेक्षकांची गर्दी काढ. ७२ हर्ट्झला १३.९ ची हद्द आहे तर मी ११ च्या आसपास आणून सोडतो. १३.५ वर आणून खुश व्हायचं नाही, पुढच्या वळणावर धूर आला की गेलं.

आणि हे मोजायचं कधी, तर २० मिनिटं खेळून झाल्यावर. पहिल्या पाच मिनिटात लॅपटॉप थंड असतो, सगळं छान दिसतं, मग तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० ला टेकलेली असते, दिवाळीत लावलेलं सेटिंग तेव्हा टिकत नाही. माझ्याकडे उन्हाळ्याचं सेटिंग वेगळं लिहून ठेवलेलं असतं, रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खाली. लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेव, गादीवर नको. कूलरची ओली हवा सरळ लॅपटॉपवर नको, बाजूनं जाऊ दे, पण स्वतःच्या अंगावर पंखा जरूर घे, घाम कमी येतो, भिंगावर वाफ कमी धरते आणि तोंडावर वारा लागत राहिला की आपण कुठे तोंड करून बसलो ते कळतं, मळमळ पण कमी होते. लाइन गेली की खेळ तिथेच थांबव. बॅटरीवर ग्राफिक कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, फ्रेम धाडकन पडतात आणि नेमकं तेव्हाच डोकं फिरतं. चार्जर पण लॅपटॉपसोबत आलेला मोठाच लाव, मोबाइलसारखा छोटा टाइप-सी चार्जर लावून "चार्ज होऊन राहिलं ना" म्हणणारे मी पाहिलेत.

शेवटी स्पेसवॉर्प. कार्डाला ७२ जमले नाहीत तर सॉफ्टवेअर त्याच्याकडून ३६ च चित्रं घेतं आणि मधली स्वतः अंदाजानं बनवतं. विमानात, शांत खेळात हे वरदान आहे, रेसिंगमध्ये स्टीअरिंगच्या आणि खांबांच्या कडा पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. सेटिंग लावताना डीबग टूलमधून ते बंद ठेव, नाहीतर ते मध्ये-मध्ये चालू-बंद होतं आणि खरं काय चाललंय ते तुला कळणारच नाही. सगळं जुळलं की परत ऑटोवर टाक. पीसी रिस्टार्ट झाला की हे एकदा तपासून घे.

मळमळ सुरू झाली की "थोडं अजून" नको, लगेच काढ आणि त्या दिवशी परत घालू नको. जबरदस्तीनं सवय होत नाही, उलट पुढच्या वेळी हेडसेट पाहूनच पोटात कसंतरी होतं. पहिले आठ दिवस १५ मिनिटं पुरे आणि सुरुवात रेसिंगनं नको. मी नवीन पोरांना आधी गूगल अर्थ व्हीआर लावून देतो, फुकट आहे, आणि सरळ लोणारवर नेतो. वरून ते गोल विवर पायाखाली दिसलं की पोरं आपोआप हळू मान फिरवतात. त्यात कम्फर्ट मोड आहे, उडताना बाजूचं दिसणं कमी करतो, तो चालूच ठेव.

आज रात्री ७२ हर्ट्झ, १.० रिझोल्यूशन, बिटरेट २००, सावल्या मीडियम, १० गाड्या एवढं लावून २० मिनिटं चालव. मग आलेखातला सीपीयूचा आकडा, जीपीयूचा आकडा आणि यूएसबी टेस्टचा आकडा असे तीन मला लिहून पाठव, पुढची पायरी त्यावरून सांगतो.